तहकूब

विभागप्रमुखांनी त्या सकाळी पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवली, आणि दाखवता दाखवता जे काम महिनोन्महिने बिनबोभाट चालले होते ते थांबवले. थांबवण्याचा त्यांचा हेतू नव्हता. उलट, हातून झालेली एक बारीकशी चूक त्यांना निस्तरायची होती. जगातली बरीचशी मोठी नुकसाने लहान चुका निस्तरतानाच झालेली आहेत. पण हे निरीक्षण सांख्यिकीने सिद्ध केलेले नसल्यामुळे त्यावर फार भर देत नाही.

खिडकीलगतच्या टेबलावर पाण्याची एक मोठी काचेची टाकी आहे. तिच्यात एक बरणी बुडवलेली, बरणीत क्षाराचे संपृक्त द्रावण, आणि त्या द्रावणात बारीक धाग्याला टांगलेला एक स्फटिक. टाकीचे तापमान अत्यंत सावकाश उतरवत न्यायचे, म्हणजे द्रावणातला क्षार स्फटिकावर थराथराने चढत जातो. घाईने उतरवले तर बरणीच्या तळाशी नुसता चुरा जमतो. चढू दिले तर असलेला स्फटिकही विरघळू लागतो. हे उतरवण्याचे काम शेजारचा जुना संगणक करतो. त्याच्या पडद्यावर एक काळी चौकट सदैव उघडी असते. तिला टर्मिनल म्हणतात. तीत चालणारा प्रोग्रॅम मधूनमधून तापमानाचा आकडा छापतो, हीटरला हुकूम देतो आणि पुन्हा गप्प बसतो. संस्थेतल्या इतर कोणाहीपेक्षा त्याची हजेरी नियमित होती.

संगणक विभागप्रमुखांच्या खात्यावर चाले, म्हणून पाहुण्यांसाठी पडद्याचे कुलूप त्यांनीच पासवर्ड टाकून उघडले होते. पाहुण्यांपैकी एकाने "हे काय?" असे विचारले. विभागप्रमुखांनी दाखवण्यासाठी हात पुढे केला, कोटाची बाही कीबोर्डवरून घसरली आणि आकड्यांच्या रांगेत तीन-चार निरर्थक अक्षरे उमटली.

विभागप्रमुखांचे आयुष्य अहवाल लिहिण्यात गेलेले आहे. अहवालात नको ते अक्षर उमटले, की कंट्रोल आणि झेड या दोन कळा एकदम दाबायच्या. चूक होण्यापूर्वीची स्थिती परत येते. संगणकाने मानवजातीला दिलेले हे एकमेव वरदान आहे, असे ते भाषणांतून सांगतही असत. त्यांनी कंट्रोल-झेड दाबले.

काळ्या चौकटीत त्याच कळांचा अर्थ असा, की समोर चालू असलेले काम तहकूब करा. पूर्ण करा असे नाही, रद्द करा असेही नाही. काम जिथे असेल तिथे, जसे असेल तसे, एक पाय हवेत असला तरी तसेच उभे राहील. पडद्यावर 'स्टॉप्ड' असा शब्द आला. चूक थांबली, असा विभागप्रमुखांनी त्याचा अर्थ लावला आणि तो त्यांना पटला. मग निघताना सगळे नीटनेटके असावे म्हणून त्यांनी 'एक्झिट' असे टाइप केले. टर्मिनलने उत्तर दिले, की तहकूब कामे शिल्लक आहेत. यंत्राने उलट बोलावे हे त्यांना रुचले नाही. ते पाहुण्यांना घेऊन चहाला गेले.

तो स्फटिक धाकटीचा होता. धाकटी म्हणजे विभागप्रमुखांच्याच मार्गदर्शनाखालची संशोधक विद्यार्थिनी. तिची थोरली बहीण याच संस्थेच्या संगणक कक्षात आधीपासून नोकरीला होती, त्यामुळे हिला सगळे धाकटीच म्हणत; प्रबंधावर मात्र खरे नाव येईल अशी तिला आशा होती. प्रबंधासाठी हा एवढा स्फटिक हवा होता. याआधीच्या एकाला तडा गेला होता, दुसरा आतून ढगाळ निघाला होता. हा अंगठ्याएवढा झाला होता आणि पाण्यासारखा स्वच्छ होता. दुसऱ्या एका संस्थेतल्या क्ष-किरण यंत्रावर तिला वेळ मिळालेली होती, आणि नोंदणीला यापुढे मुदतवाढ मिळणार नाही हे विद्यापीठाने नम्रपणे, म्हणजे स्पष्टपणे, कळवले होते. घरी आई विचारी, "मिठाचा खडा वाढवायला एवढी वर्षं? आमच्या वेळी पोरं वाढवून व्हायची तेवढ्यात." स्फटिक मिठाचा नव्हता; परंतु कालावधीबाबतचे आईचे मोजमाप बिनचूक होते.

त्या दिवशी धाकटी निवांत आली, कारण तिने घरूनच प्रयोगशाळेचे वेबपान पाहिले होते. त्यावर प्रोग्रॅमच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, आणि हिरव्याचा अर्थ 'चालू' असा खाली दिलेलाच होता. आल्याबरोबर तिने सवयीने टाकीवरचे थर्मामीटर पाहिले. मग पुन्हा पाहिले. मग ताईला फोन लावला.

"ताई, टाकी तापतेय."

"कशी तापेल? हिरवं आहे की."

"काय हिरवं आहे?"

"पानावर. प्रोग्रॅम चालू आहे."

"तुझ्या पानावर असेल. इथे काल संध्याकाळपेक्षा वर आकडा आहे. तो खाली असायला हवा."

"पडद्यावर काय दिसतंय?"

"पडद्यावर कुलूप दिसतंय. सरांचा फोटो, आणि पासवर्ड टाका असं."

पलीकडून कळांचा आवाज येत राहिला. ताईचा स्वभाव असा, की डॉक्टरने 'काळजीचं कारण नाही' म्हटले तर ती 'हे तुम्ही कशावरून म्हणता' असे विचारी. पण तो हिरवा ठिपका तिच्याच कक्षाचा असल्यामुळे त्याला हा प्रश्न विचारायचा राहून गेला होता. ठिपका ऑपरेटिंग सिस्टिमला एवढेच विचारी, की अमुक नावाचा प्रोग्रॅम आहे का. सिस्टिम सांगे, आहे. आणि तो होताच. हजेरीपटावर नाव असणे आणि काम करणे या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे कोणत्याही कार्यालयात एक आठवडा काढलेल्या माणसाला ठाऊक असते. ठिपक्याने असा आठवडा काढलेला नव्हता.

"तहकूब आहे," ताई म्हणाली. "कुणीतरी कंट्रोल-झेड मारलंय."

"कुणी?"

"फोटो कुणाचा आहे?"

खिडकीतून ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आले होते.

हीटरची पेटी स्वतः विचार करणारी नव्हती. प्रोग्रॅमने शेवटचा हुकूम दिला असेल तेवढा विद्युतप्रवाह ती पुढचा हुकूम येईपर्यंत सोडत राही. पेटीवर कमी-जास्त करायचे बटणही नव्हते. एकच लाल खटका होता, तो पूर्ण बंद करणारा. खटका बंद करावा तर टाकी झपाट्याने थंड होऊन बरणीभर चुरा. न करावा तर दुपारी खोली तापली की टाकीही तापणार, आणि स्फटिकाच्या कडा आधी गोल होत जातील, मग स्फटिकच उरणार नाही. धाकटीने पुठ्ठ्याचे एक खोके फाडून खिडकीला लावले. याने ऊन अडले. उकाडा अडला नाही.

"ताई, त्याला उठव ना."

"उठवते. थांब."

चालू कर असा एक अधिकृत संकेत सिस्टिममध्ये असतो. तो ताईने आपल्या खोलीतूनच पाठवला. धाकटी थर्मामीटरवर नजर ठेवून उभी होती.

"काही नाही झालं," ती म्हणाली.

"झालं. उठला, कीबोर्डकडे बघितलं, आणि परत झोपला."

"म्हणजे?"

"तुमचा हा प्रोग्रॅम प्रत्येक फेरीला आधी बघतो, की कुणी थांबवायची कळ दाबलीय का. मग पुढचं काम. बरोबर?"

"बरोबर. माझ्या आधी एक मुलगा होता, त्याने लिहिलाय. सावध होता बिचारा."

"सावधपणाच नडला. नियम असा आहे, की कीबोर्ड फक्त समोरच्या कामाचा. मागच्या कामाने नुसता तिकडे हात केला तरी त्याला तिथल्या तिथे तहकूब करायचं. कारण सांगायचं नाही, तक्रार नोंदवायची नाही."

"मग त्याला समोर आण."

"ते माझ्या हातात नाही. प्रत्येक काळ्या चौकटीत हुकूम घेणारा एक कारभारी प्रोग्रॅम असतो. समोर आणायचा हुकूम त्या चौकटीतला कारभारीच देऊ शकतो. मी माझ्या चौकटीत दिला, तर माझा कारभारी म्हणतो, असलं कुठलं काम आपल्याकडे नाही."

"पण तू ॲडमिन आहेस."

"आहे ना. मी त्याला कधीही मारू शकते. चालवू शकत नाही."

या व्यवस्थेच्या रचनाकारांबद्दल वाईट बोलू नये. ते हुशार लोक होते. मुळात त्यांच्यासमोर टंकलेखन यंत्रासारखे एक यंत्र असे, त्याला एक तार जोडलेली असे, आणि यंत्रासमोर एक माणूस बसलेला असे. माणूस उठला की काम संपले. तार तुटली तर कामाला काडीमोड द्यायचा, हा नियम त्याच संसारातून आला. पुढे एकाच यंत्रावरून दोन-तीन कामे आळीपाळीने करायची हौस आली, तेव्हा 'समोरचे' आणि 'मागचे' असा भेद घातला. काम ज्याने सुरू केले त्याचे न मानता, ज्या यंत्रावरून सुरू झाले त्या यंत्राचे मानले. पुढे यंत्रे भंगारात गेली, तारा गेल्या, यंत्राच्या जागी पडद्यावरची एक काळी चौकट आली. आणि चौकटीनेही आपण ते यंत्रच आहोत असे सोंग इमानदारीने वठवणे चालू ठेवले. नवरा परागंदा झाल्यावर सासरची माणसे जशी सुनेवरचा हक्क सोडत नाहीत, तसा त्या मेलेल्या यंत्राचा हक्क आजही जिवंत कामांवर चालतो. याला परंपरा म्हणतात. संगणकशास्त्रात याला सुसंगती म्हणतात.

ताई खाली आली तेव्हा धाकटी पुठ्ठ्याने टाकीला वारा घालत होती.

"त्याने किती उतरतंय?" ताईने विचारले.

"काही नाही उतरत. पण नुसतं उभं राहवत नाही."

"मारून नवीन का नाही सुरू करायचा, ते सांग एकदा. मला माहीत आहे, पण सांग."

"सुरू झाला की आधी टाकी पार वर नेतो. पहिल्या तापमानाला. सगळं विरघळवायला."

"आणि आता कुठपर्यंत आला होता, ते कुठे लिहिलंय?"

"कुठे नाही. त्याच्या डोक्यात."

"छान. म्हणजे झोपलेला माणूस मेलेला चालत नाही आणि उठलेलाही राहत नाही." ताई खुर्चीवर बसली आणि कुलूपबंद पडद्याकडे पाहू लागली. काही वेळ कीबोर्डला हात लागला नाही तर पडद्याला आपोआप कुलूप पडावे, हे परिपत्रक तिच्याच कक्षाने काढले होते. प्रयोगशाळेतल्या संगणकांना ते लागू करू नये असे धाकटीने तेव्हा सुचवले होते. सूचनेची नोंद घेण्यात आली होती.

"तोडता येईल कुलूप?" धाकटी म्हणाली.

"येईल. पण यंत्र जुनं आहे. कुलपाबरोबर सरांचं सगळं सत्र खाली आलं तर काळी चौकट जाईल, आणि चौकट गेली की हा तिच्याबरोबर सती. येईल की नाही ते तोडून पाहिल्याशिवाय कळणार नाही. प्रयोग तुझा, तू सांग."

"नको."

"मग सरांना आण. त्यांचा पासवर्ड त्यांच्याच बोटांना माहीत."

विभागप्रमुख बैठकीत होते. त्यांचा फोन बंद होता, कारण बैठकीत फोन बंद ठेवावेत हा ठराव त्यांनीच मांडला होता. दारावरचा शिपाई स्टुलावर बसून नखे कापत होता.

"आत सोडायचं नाही असं सांगितलंय," तो म्हणाला.

"अर्जंट आहे."

"आतलेही तसंच म्हणतायत. सकाळपासून."

"माझा स्फटिक विरघळतोय, दादा."

शिपायाने तिच्याकडे नीट पाहिले. स्फटिक विरघळणे हे आजारपण आहे की अपघात, हे त्याला ठरवता आले नसावे. पण तिचा चेहरा पाहून त्याने स्टूल जरा बाजूला सरकवले. "मी नखं कापत होतो, माझं लक्ष नव्हतं," तो म्हणाला.

आत संशोधनाच्या प्रगतीचा आढावा चालला होता. भिंतीवरच्या पडद्यावर प्रगतीचा आलेख होता आणि तो वर जात होता. धाकटी दाराशी उभी राहिली. विभागप्रमुखांनी तिला पाच मिनिटांची खूण केली. ती उभीच राहिली. त्यांनी पुन्हा खूण केली. तेव्हा ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या, पण अजिबात न चढलेल्या आवाजात म्हणाली, "सर, सकाळी तुम्ही दाबलेल्या कळेमुळे टाकी बंद पडलीय. तुम्ही आलात तरच चालू होईल."

बैठकीत कोणीतरी खोकले. पाहुणे अजून तिथेच होते. विभागप्रमुख उठले.

दरम्यान ताईने आपल्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमचा मजकूर उघडला होता. तो वाचायला कोणाच्या पासवर्डची गरज नव्हती. वाचायची गरज मात्र आजवर कोणाला पडली नव्हती. ताई कोणत्याही गोष्टीला हात लावण्यापूर्वी ती चालू झाल्यावर पहिली काय करेल हे पाही. लोक याला तिचा चेंगटपणा म्हणत. मजकुरात तिला एक ओळ सापडली, आणि तिने ती दोनदा वाचली.

विभागप्रमुख खोलीत शिरले ते बोलतच. "हे बघा, मी काहीही बंद केलेलं नाही. चुकून अक्षरं उमटली, ती अन्डू केली. एवढंच."

"अन्डू झालं सर," ताई म्हणाली. "अक्षरं तेवढी राहिली."

"मग रिडू करू. कंट्रोल-वायने होतं ते."

"नका, सर. तुम्ही फक्त पासवर्ड टाका आणि बाजूला व्हा."

आपल्याला बाजूला व्हायला सांगण्यात आले आहे, हे विभागप्रमुखांच्या लक्षात येईपर्यंत त्यांनी पासवर्ड टाकलाही होता. कुलूप गेले. काळ्या चौकटीत त्यांची सकाळची कामगिरी जशीच्या तशी दिसली: निरर्थक अक्षरे, 'स्टॉप्ड', 'एक्झिट', आणि खाली ती तहकूब कामांची ताकीद.

"अहो, सरळ उपाय आहे," ते म्हणाले. "बंद करून पुन्हा चालू करायचं. सगळ्या यंत्रांना तेच लागतं. मघाशी त्याने आडकाठी केली, आता परत सांगतो." आणि ते पुन्हा 'एक्झिट' टाइप करू लागले.

कारभाऱ्याच्या शहाणपणाची व्याप्ती इथे सांगितली पाहिजे. तहकूब काम असताना कोणी चौकट बंद करू लागले, तर तो एकदा हरकत घेतो. लगेच दुसऱ्यांदा सांगितले तर तो मानतो, आणि चौकटीबरोबर ती कामेही संपवतो. तिसऱ्यांदा विचारण्याची सोय नाही. विभागप्रमुखांची पहिली वेळ सकाळीच वापरून झाली होती.

शब्द पुरा झाला होता. एंटर तेवढे दाबायचे राहिले होते. धाकटीने त्यांचे मनगट धरले.

आपल्या मार्गदर्शकाचे मनगट धरणाऱ्या विद्यार्थिनीची नोंद संस्थेच्या इतिहासात नसावी. विभागप्रमुखांनी आधी हाताकडे, मग तिच्याकडे पाहिले. तिने हात सोडला नाही.

"सर, हे दाबलंत तर माझा प्रबंध संपला," ती म्हणाली. "हात मागे घ्या."

"अगं, मी मदतच करतोय."

"माहीत आहे. म्हणूनच धरलाय."

त्यांनी हात मागे घेतला. ताईने पुढे होऊन तो शब्द एकेक अक्षर करून खोडला, आणि मग खुर्ची धाकटीकडे सरकवली.

"आता एफ आणि जी, दोन अक्षरं टाकली की तो समोर येईल," धाकटी म्हणाली. "हेच ना?"

"हेच. पण दाबू नकोस."

"ताई, टाकी तापतेय गं."

"तापू दे. आधी ऐक. पुढचं तापमान तो कसं ठरवतो माहीत आहे? मागचं तापमान बघून नाही. सुरुवातीपासून किती वेळ गेला ते घड्याळाला विचारतो, आणि त्यावरून. आपण तहकूब होतो हे त्याला कळलेलंच नाही. ते सांगायची पद्धतच नाही. आता उठला की घड्याळ बघेल, म्हणेल अरे बापरे, आपण फार मागे पडलो. आणि सकाळपासूनच्या सगळ्या पायऱ्या एका उडीत उतरेल."

धाकटीचे हात मांडीवर आले. "मग चुरा होईल."

"होईल की नाही ते तुला जास्त कळतं. तुमच्या त्या सावध मुलाला ॲडमिनचे अधिकार होते का?"

"नव्हते."

"मला आहेत. मी घड्याळ मागे घेते."

"कुठलं घड्याळ?" विभागप्रमुखांनी विचारले.

"या संगणकाचं, सर. सकाळी तुम्ही कळ दाबलीत त्या वेळेवर."

"म्हणजे खोटी वेळ लावणार?"

"एकट्या प्रोग्रॅमला खोटं सांगायची सोय नाही. म्हणून सगळ्या यंत्राला सांगायचं."

"हे शास्त्रीय पद्धतीत बसतं का?"

"नाही," ताई म्हणाली. "पण कामं तहकूब करून त्यांना ते न सांगण्याची जी पद्धत आहे, तीत हे अगदी बसतं."

तिने खाली वाकून भिंतीतली नेटवर्कची तार उपटली. तार राहिली असती तर संस्थेच्या मध्यवर्ती घड्याळाने या यंत्राला पुन्हा खऱ्या वेळेवर आणले असते. ही दुरुस्तीची व्यवस्थाही तिच्याच कक्षाची होती, आणि ती मात्र दृष्ट लागण्यासारखी चाले. मग तिने दुसरी काळी चौकट उघडून घड्याळ मागे घेतले. पडद्याच्या कोपऱ्यात सकाळ झाली. विभागप्रमुखांनी नकळत आपल्या मनगटावरचे घड्याळ पाहिले.

"टाकी आत्ता त्याला हवं त्यापेक्षा गरम आहे," ताई म्हणाली. "ती खाली आणायला तो हीटर एकदम कमी करेल. चालेल?"

धाकटीने विचार केला. हा निर्णय तिला कोणी तहकूब करून देणार नव्हते. "टाकी मोठी आहे. पाणी आपल्या गतीनेच उतरेल. थोडी झीज झालीय, ती झालीय. चालेल."

"मग दाब."

तिने दोन अक्षरे टाइप केली आणि एंटर दाबले. चौकटीत प्रोग्रॅमचे नाव उमटले. काही क्षण काहीच झाले नाही, आणि त्या क्षणांत खोलीतल्या तिघांनीही श्वासाचे काम तहकूब ठेवले होते. मग तापमानाचा एक आकडा छापला गेला. त्यापाठोपाठ हीटरच्या पेटीतला दिवा मंद झाला. प्रोग्रॅमच्या दृष्टीने सकाळी बाही घसरल्यापासून ते आत्तापर्यंत काहीही घडलेले नव्हते. पाहुणे, चहा, बैठक, मनगट, यांतले काहीही नाही. इतके निर्मळ मन फक्त तहकूब प्रोग्रॅमला किंवा चौकशी समितीला लाभते.

"बघा, चाललं," विभागप्रमुख म्हणाले. "उगाच घाबरता तुम्ही मुली."

ताईने कीबोर्ड टेबलाच्या मागच्या कडेला सरकवला आणि त्याच्यावर एक लाकडी खोके उपडे घातले. सिस्टिमच्या रचनेतला दोष सिस्टिममध्ये दुरुस्त होईपर्यंत लाकूड वापरावे, हे तिचे मत अजूनही कायम आहे.

तो संगणक पुढे स्फटिक तयार होईपर्यंत स्वतःच्याच वेळेवर चालला. तार कोणी जोडू नये म्हणून धाकटी तिचे टोक खिशात घालून हिंडत असे, असे ताई सांगते. धाकटी नाकारते, ती म्हणते, कपाटात ठेवले होते.

स्फटिक बाहेर काढला त्या दिवशी दोघी बहिणी खिडकीपाशी उभ्या होत्या. पुठ्ठा काढून टाकला होता. धाकटीने चिमट्याने स्फटिक उजेडात धरला. तो मोठा होता, कडा धारदार होत्या. पण आत, पृष्ठभागापासून थोड्या अंतरावर, दुधाच्या सायीसारखा एक पातळ पडदा होता, स्फटिकाच्याच आकाराचा, जणू आत दुसरा एक लहान स्फटिक बसवलेला. टाकी तापली तेव्हा कडा झिजल्या. पुन्हा वाढ सुरू झाली तेव्हा झिजलेल्या पृष्ठावर द्रावणाचे सूक्ष्म थेंब अडकले. सिस्टिमने तहकुबीची नोंद कुठेही ठेवली नव्हती. क्षाराने ठेवली होती.

विभागप्रमुखांनी तो भिंगातून पाहिला आणि सुचवले, की प्रबंधात 'वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे' असे लिहावे.

"वीज गेली नव्हती, सर," धाकटी म्हणाली.

"मग 'तांत्रिक कारणामुळे' लिही. ते तर खरंच आहे."

"तहकूब केलं गेलं, असं लिहिते. कुणी केलं ते नाही लिहीत."

यावर विभागप्रमुखांनी थोडा विचार केला. कर्ता नसलेली वाक्ये त्यांना पहिल्यापासून आवडत. त्यांनी मान डोलावली.

प्रश्न मात्र वाक्याचा नव्हता, आकाराचा होता. पडद्यासकट स्फटिक क्ष-किरणांपुढे ठेवला तर पडदाच बोलेल, आणि आतले काही ऐकू येणार नाही. पडद्याच्या आतला भागच तेवढा घ्यायचा, तर तो अर्जात लिहिलेल्यापेक्षा लहान भरणार. ओल्या धाग्याच्या करवतीने धाकटी कापायला बसली. धागा पाण्यातून जाई, स्फटिकावरून सरके, आणि जिथे स्पर्श होई तिथला क्षार निमूटपणे विरघळे. ताई शेजारी बसून राहिली. तिने एकदाही "किती राहिलं" असे विचारले नाही, आणि तिच्या स्वभावाच्या मानाने हा मोठाच त्याग होता.

पडदा पापुद्र्यासारखा सुटून आला. आत उरलेला तुकडा नखाएवढा होता, आणि त्याच्यातून पलीकडची खिडकी वाकडी न होता दिसत होती.

"पुरेल?" ताई म्हणाली.

"अर्जात याच्या दुप्पट लिहिलंय."

"मी अर्जाचं नाही विचारलं."

धाकटीने तुकडा कापसात ठेवला, डबी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी त्या संस्थेत गेली. तिथल्या तंत्रज्ञाने डबी उघडून, अर्ज पाहून, भुवया वर केल्या. तिने सांगितले, की एवढाच आहे. त्याने खांदे उडवले आणि तो बसवला. क्ष-किरणांनी अर्ज वाचलेला नव्हता. समोर ठेवलेल्या तुकड्यातून ते आरपार गेले, आणि तिथल्या संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक ठिपके उमटू लागले. बारीक, काटेकोर, जिथे असायला हवेत तिथेच. धाकटीने खुर्ची पुढे ओढली आणि ते मोजायला घेतले.